वाटी का सरकते? कोयनेच्या धक्क्यांची गोष्ट

पाऊस ओसरला की सातारा, सांगली, चिपळूणकडच्या पेपरांत एक ठरलेली बातमी येते. कोयना परिसराला सौम्य धक्का, तीव्रता २.८ रिश्टर स्केल, केंद्रबिंदू धरणापासून अमुक किलोमीटरवर, धरण सुरक्षित. तीन-चार ओळी, बहुतेक वेळा आतल्या पानावर. पाटण तालुक्यातली माझी आत्या ती वाचतही नाही. "बसला असेल, मी भाकऱ्या थापत होते," एवढंच म्हणते.

या तीन-चार ओळींमागे साठ वर्षांचं संशोधन आहे. जगभरचे भूवैज्ञानिक कोयनेचं नाव घेतात ते वीजनिर्मितीसाठी नव्हे, या धक्क्यांसाठी. माणसाने पाणी साठवलं आणि जमीन हलली, याचं जगातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण आपल्या पाटण तालुक्यात आहे. ते समजून घ्यायला गणित फारसं लागत नाही. ओला ओटा आणि गरम आमटीची वाटी पुरते. तिच्याकडे येतोच, आधी ती बातमी नीट वाचू.

"तीव्रता" हा शब्द पेपरवाले सरसकट वापरतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. मिरवणुकीतला डीजे एकच असतो. चौकात उभ्या माणसाची छाती धडधडते आणि तीन गल्ल्या पलीकडच्याला नुसती दुमदुम ऐकू येते. डीजेची स्वतःची ताकद एक, आणि आपल्या खिडकीशी पोचलेला आवाज वेगळा. भूकंपाचंही तसंच आहे. २.८ किंवा ६.३ हा आकडा डीजेच्या ताकदीचा, म्हणजे भूकंप मुळात केवढा होता त्याचा. तो एका भूकंपाला एकच असतो. घराघरात काय जाणवलं आणि काय पडलं ते गावागणिक बदलतं. खरं तर तीव्रता हा शब्द त्यासाठी राखून ठेवायला हवा होता. आता वेळ निघून गेली.

तो आकडा साध्या फुटपट्टीसारखा चढत नाही. एक अंक वर गेला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंक वर गेले की हजार पट. कोयनेकाठी सर्रास ऐकू येणारं एक वाक्य आहे: "छोटे धक्के बसलेले बरे, आतला जोर निघून जातो." आत्याचाही यावर विश्वास आहे. आकडेमोड करून पाहू. ६.३ च्या एका भूकंपात जेवढी ऊर्जा निघते तेवढी २.८ च्या धक्क्यांनी काढायची तर सुमारे पावणेदोन लाख धक्के लागतील, म्हणजे साठ वर्षं रोज आठ. छोट्या धक्क्यांनी जोर निघतो हे खोटं नाही, पण वाटीने विहीर उपसण्यासारखं आहे.

केंद्रबिंदू कसा सापडतो? वीज चमकली की आपण गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजतो, तीच युक्ती. भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. एक घाईची, खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाणारी. दुसरी सावकाश, सुमारे साडेतीन किलोमीटरची, पण जास्त हलवणारी. दोन्हींत जेवढ्या सेकंदांचं अंतर, त्याला साधारण आठाने गुणा की केंद्र किती किलोमीटरवर आहे ते कळतं. पाच सेकंद म्हणजे चाळीस किलोमीटर. एका यंत्रावरून फक्त अंतर मिळतं, दिशा नाही. तीन ठिकाणची अंतरं घेऊन नकाशावर तीन वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात तिथे केंद्रबिंदू. जुन्या जाणत्यांना धक्क्याआधी जी गुडगुड ऐकू येते ती बहुधा या घाईच्या लाटेची वर्दी असते.

बातमीत क्वचितच येणारी पण फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोली. कोयनेचे जवळपास सगळे भूकंप दहा किलोमीटरच्या आत होतात. भूकंपांच्या हिशेबात हे अगदी वरवरचं आहे, म्हणून कोयनेचा छोटा धक्काही ठसठशीत जाणवतो.

१९६७

कोयना धरणाची उंची १०३ मीटर. त्यामागचा शिवसागर जलाशय १०५ टीएमसीचा, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचा. १९६२ पासून त्यात पाणी भरू लागलं आणि लवकरच आसपासच्या गावांतून तक्रारी यायला लागल्या की जमीन गुरगुरते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ मध्ये परिसरात भूकंपमापक यंत्रं बसवली. ही दूरदृष्टी पुढे फार उपयोगी पडली, कारण मोठा भूकंप आला तेव्हा यंत्रं तयार होती. जगात असं क्वचित घडतं. बहुतेक वेळा भूकंप आधी येतो आणि यंत्रं मागाहून.

सप्टेंबर १९६७ मध्ये ५ च्या वरचा एक धक्का बसला. मग डिसेंबरची ती पहाट. शास्त्रीय निबंधांत तारीख १० डिसेंबर दिसते आणि आपल्याकडची माणसं ११ डिसेंबर सांगतात. दोन्ही बरोबर आहेत. जगाच्या प्रमाणवेळेनुसार १० तारखेची रात्र होती, आपल्याकडे ११ ची पहाट उजाडायची होती, चार वाजून एकवीस मिनिटं. मोठेपणा ६.३. कोयनानगर आणि आसपास सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. मुंबईची वीज गेली. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला आठवते ती भांड्यांची उतरंड. एकावर एक रचलेली मडकी एकाच बाजूला कलली आणि मग सगळी फुटली.

तोवर शाळेत शिकवलं जायचं की दख्खनचं पठार म्हणजे भारताचा सगळ्यात भक्कम भाग. भूकंप हिमालयात होतात, इथे नाही. ते शिकवणारे खोटं बोलत नव्हते. तेव्हाची माहिती तेवढीच होती.

संशय धरणावर गेला. चीनमधलं शिनफेंगजियांग १९६२, आफ्रिकेत झांबेझी नदीवरचं करीबा १९६३, ग्रीसमधलं क्रेमास्ता १९६६: या तीन धरणांपाशीही पाणी भरल्यानंतर ६ च्या वरचे भूकंप झाले होते. कोयना चौथं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं. तरी "पाणी भरलं, मग भूकंप झाला" एवढ्याने पाण्यामुळेच झाला असं सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असंही असू शकतं. कार्यकारणभाव सांगायचा तर पाणी नेमकं काय करतं ते दाखवावं लागतं.

पाण्याचं वजन? नव्हे

पहिला अंदाज वजनाचा. १०५ टीएमसी म्हणजे जवळपास ३०० कोटी टन पाणी. एवढा भार पडला की खालचा खडक दबणार, मोडणार. ऐकायला पटतं, पण हिशेब जुळत नाही. दहा मीटर पाण्याचा दाब एक वातावरण, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेच्या दाबाएवढा. ऐंशी मीटर पाणी धरलं तर आठ. आणि जिथे भूकंप होतात तिथे, समजा पाच किलोमीटर खाली, वरच्या खडकांचाच दाब सुमारे तेराशे वातावरणं असतो. तेराशेच्या ओझ्यावर आठाची भर पडली म्हणून कोण मोडणार?

आता वाटी. ओटा नुकताच पुसलाय, ओलसर आहे. त्यावर गरम आमटीची स्टीलची वाटी ठेवली की कधी कधी ती कोणी हात न लावता सुळकन सरकते. लहानपणी आम्हाला वाटायचं भूत आहे. होतं असं: वाटीच्या बुडाखाली थोडी हवा अडकते, कडेच्या पाण्यामुळे तिला बाहेर पडता येत नाही, उष्णतेने ती फुगते आणि वाटीचं थोडं वजन पेलून धरते. वाटी उचलली जात नाही, पण ओट्यावर जेवढी घट्ट बसली होती तेवढी राहत नाही. घर्षण कमी होतं. ओट्याला आधीच किंचित उतार असतो, तो पुरतो.

जमिनीखालची भेग, म्हणजे भूवैज्ञानिकांच्या भाषेतला प्रस्तरभंग, ही अशीच दोन पृष्ठांची जागा आहे. दोन प्रचंड शिळा एकमेकींवर दाबून बसलेल्या. त्यांना सरकायचं असतं, पण घर्षण धरून ठेवतं. भेगेत पाणी शिरलं आणि त्या पाण्यावर दाब आला की ते शिळांना आतून किंचित बाहेर रेटतं, पकड सैल होते. पाणी शिळेला ढकलत नाही, तिच्यावरचं ओझं थोडं उचलतं.

मग उतार कुठला? म्हणजे शिळांना सरकवू पाहणारा जोर कुठून आला? तो धरणाचा नाही. आपण ज्या भूपट्ट्यावर बसलोय तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला धडकतो. त्या धडकेने तिकडे हिमालय उंचावतो आणि इकडे अख्खं पठार आतून दाबलं जातं. कोयनेखालच्या भेगा धरणाच्या कितीतरी आधीपासून सरकण्याच्या बेतात होत्या. धरण निमित्त झालं. म्हणून शास्त्रज्ञ "धरणाने भूकंप घडवला" म्हणत नाहीत, "धरणामुळे चाळवला गेला" म्हणतात. फरक शब्दांचा वाटतो, पण एका प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे: देशातली सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, मग सगळीकडे धक्के का नाहीत? कारण सगळीकडे ओट्याला उतार नाही. खालची भेग आधीच ताणलेली नसेल तर वर कितीही पाणी साठवा, काही होत नाही.

मराठीत संशय आला की आपण म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे ते शब्दशः खरं आहे, आणि मुरायला वेळ लागतो. जलाशयाच्या तळाशी वाढलेला दाब भेगांतून झिरपत खाली पोचायला महिने, कधी वर्षं जातात. धरण भरल्याबरोबर भूकंप न होता पाच वर्षांनी का झाला, सप्टेंबरात काठोकाठ भरलेल्या जलाशयाचा हिशेब डिसेंबरात का चुकता झाला, याचं बरंचसं उत्तर या मुरण्यात आहे.

याच सुमारास अमेरिकेत, डेन्व्हरजवळ, असाच प्रयोग नकळत होऊन बसला होता. तिथल्या लष्करी रसायन कारखान्याने सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबाने सोडायला १९६२ मध्ये सुरुवात केली. डेन्व्हरला धक्के बसू लागले. १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं, तरी तिथले सगळ्यात मोठे धक्के बसले १९६७ मध्ये. तिथे जलाशयाचं वजन नव्हतंच, फक्त दाबाखालचं पाणी होतं. वाटीचं तत्त्व खरं आहे याचा हा भरभक्कम पुरावा, आणि मुरलेलं पाणी नळ बंद केला म्हणून लगेच शांत होत नाही याचाही.

वारणेची साक्ष

कोयनेत दर वर्षी हा प्रयोग पुन्हा होतो. पावसाळ्यात जलाशय भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरतो, पातळी कित्येक मीटर खालीवर होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाण्याची पातळी आणि धक्के शेजारी मांडून पाहिले. पावसाळ्यानंतर धक्के वाढतात, आणि पाणी उतरू लागल्यावर पुन्हा एकदा थोडे वाढतात. पाणी किती झपाट्याने चढलं, वरच्या पातळीवर किती दिवस टिकलं, आणि आजवरची कमाल पातळी ओलांडली का, या तीन गोष्टी मोठ्या धक्क्यांच्या बाबतीत महत्त्वाच्या ठरतात असं त्यांच्या लक्षात आलं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. खडकाला जणू आठवण असते: एवढा दाब मी सोसलाय, त्याहून जास्त आला तरच कुरकुरेन.

शंकेखोर म्हणेल, हे सगळं योगायोगाने जुळवता येतं. त्याला उत्तर वारणेने दिलं. कोयनेच्या दक्षिणेला चांदोलीजवळ वारणा धरण झालं, १९८५ पासून त्यात पाणी साठू लागलं. धक्क्यांचं क्षेत्र हळूहळू दक्षिणेला, वारणेकडे पसरलं, आणि १९९३-९४ मध्ये तिथे ५ च्या वरचे भूकंप झाले. नवं पाणी जिथे आलं तिथे जमीन हलली. कावळ्याचा आणि फांदीचा वाद माझ्या मते इथेच मिटला.

१९६७ नंतर आजवर कोयना-वारणा पट्ट्यात ५ च्या वरचे वीसहून अधिक आणि ४ च्या वरचे सुमारे २०० धक्के बसले. हे सगळं जेमतेम २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात, आणि आसपास पन्नास किलोमीटरपर्यंत दुसरं भूकंपक्षेत्र नाही. संशोधकाला याहून सोयीची जागा मिळणार नाही. भूकंप कुठे होणार ते माहीत आहे, फार खोल नाहीत, आणि दर वर्षी होतात. मग एकच उरतं: तिथवर जाऊन पाहायचं.

भोक

आपण सह्याद्रीत पाहतो तो काळा दगड बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, अशी थरांची उतरंड. घाटातून जाताना डोंगराला जे आडवे पट्टे दिसतात ते हेच थर. भूकंप मात्र या उतरंडीत होत नाहीत. ते होतात तिच्या खालच्या, शेकडो कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटी खडकात. म्हणजे भेग आहे तळघरात आणि आपण गच्चीवर फिरून ती शोधतोय. गच्चीवरून तळघराचा अंदाज घेता येतो: विमानातून गुरुत्वाकर्षणातले आणि चुंबकत्वातले बारीक फरक मोजता येतात, झाडी वगळून जमिनीचा चढउतार टिपता येतो. ते सगळं केलं गेलं. पण अंदाज तो अंदाजच.

म्हणून आधी दीड-दीड किलोमीटरची काही छिद्रं घेतली आणि मग कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटरचं चाचणीचं विवर खोदलं. डिसेंबर २०१६ मध्ये सुरुवात, पुढच्या जूनमध्ये पूर्ण. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने त्यासाठी कराडजवळ हजारमाचीला स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. विवरात १,२४७ मीटरवर काळा दगड संपला आणि ग्रॅनाइटी खडक लागला. मधे जुन्या गाळाचा थर सापडेल अशी काहींची अटकळ होती, तो नव्हताच. थेट थंड पुरातन खडकावर लाव्हा येऊन बसला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन कशी होती त्याचा हा सरळ पुरावा.

एवढा खर्च करून भोक पाडायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एक कारण अगदी व्यवहाराचं. जमिनीवरच्या यंत्राला ट्रक, वारा, पाऊस, नदी सगळं ऐकू येतं. बारीक धक्के त्या गोंगाटात बुडतात. तेच यंत्र दीड किलोमीटर खाली ठेवलं तर शांतता असते, आणि वर कधीच न नोंदले जाणारे इवलेसे धक्के ऐकू येतात. त्यांच्या जागा नकाशावर मांडल्या की भेगेचा आकार उमटू लागतो, रांगोळीत ठिपके जोडल्यावर चित्र दिसतं तसा. दुसरं कारण, खडकावरचा ताण किती आणि कुठल्या दिशेने, हे वरून मोजता येत नाही. विवरात पाणी दाबून खडकाला कुठल्या बाजूने तडा जातो ते पाहावं लागतं. पुढचं विवर सहा किलोमीटरपर्यंत न्यायचा बेत आहे. तसं झालं तर यंत्रं थेट भूकंपांच्या शेजारी जाऊन बसतील.

मग पुढचा कधी?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं सरळ उत्तर आहे: तारीख सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर मोबाइल बाजूला ठेवा आणि फॉरवर्ड करू नका.

तारखेशिवायही बरंच काही सांगता येतं, आणि ते कामाचं असतं. कोयना धरणाची मूळ रचना करताना भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या पाच टक्के धरला होता. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीन किलोच्या जोराने ढकलल्यासारखं. १९६७ ला धरणातल्याच यंत्राने जी नोंद केली तिच्यात क्षणभराचा जोर साठ टक्क्यांच्याही वर गेला होता. हिशेबातला आकडा आणि क्षणिक झटका यांची तुलना अगदी काटेकोर होत नाही, पण दरी केवढी ते कळतं. धरणाला तडे गेले, धरण मात्र उभं राहिलं. मग उंच भागांना मागून जाड टेकू देऊन ते मजबूत केलं. ती एक नोंद आजही जगभर धरणांची गणितं तपासायला वापरतात. पाटणमधल्या एका पहाटेचे काही सेकंद परदेशातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माहीत असतात, आपल्याकडच्यांना कमी.

नकाशेही बदलले. कोयनेचा भाग २००२ च्या नकाशात भूकंपप्रवण विभाग चार मध्ये आहे. पण नकाशा म्हणजे त्या दिवसापर्यंतचं ज्ञान. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपलेली. किल्लारीचा भूकंप कोयनेएवढाच होता, मृत्यू मात्र दहा हजारांच्या घरात. नकाशात तो भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो विभागच रद्द करून वरच्यात मिसळला, आणि किल्लारीचा भाग विभाग तीनमध्ये गेला.

तेवढ्याच भूकंपात पन्नास पटींहून जास्त माणसं का गेली? डोंगरात वस्ती विरळ आणि लातूर-धाराशिवकडे दाट, हे एक. पण मोठं कारण घर. उन्हापासून वाचायला तिकडे माळवदाची घरं: गोल दगड मातीत रचलेल्या दोन-तीन फुटी भिंती आणि डोक्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, पण हलल्यावर भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना सोडून देतात आणि माळवद खाली येतं. जिथे लाकडी खांब-तुळयांनी छप्पर पेललं होतं, तिथे भिंती ढासळूनही काही छपरं टिकली. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधे मधे घालणं आणि दारांच्या वर घराभोवती एक अखंड पट्टा बांधणं, एवढ्यानेही फरक पडतो. ते गवंडीही करू शकतो.

तोच ओटा, दोन मीटरवर

जुलै २०२१ मध्ये याच पाटण तालुक्यात मिरगाव, ढोकावळे आणि आंबेघर इथे डोंगर खाली आला. त्याच पावसात महाडजवळ तळिये. त्याआधी २०१४ मध्ये माळीण, नंतर २०२३ मध्ये इर्शाळवाडी. भूकंपाशी याचा संबंध नाही असं आपण म्हणतो, आणि कारणांच्या बाबतीत ते खरं आहे. पण आतली यांत्रिकी तीच वाटीची. कातळावर झिजलेल्या दगडाची, मातीची जाड साय असते. उतारावर ती घर्षणाने टिकून असते. दोन-तीन दिवस पाऊस कोसळला, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ते मातीच्या कणांचं ओझं पेलू लागतं. पकड सुटते. "पाण्याने माती जड झाली म्हणून घसरली" असं सगळे सांगतात. तेही आहे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की ती खालून उचलली गेली.

फरक आहे तो खोलीचा, आणि त्या फरकाने सगळं बदलतं. कोयनेखाली पाणी कित्येक किलोमीटर खोल मुरतं, आपल्याला दिसत नाही. दरडीचं पाणी वरून पडतं, पर्जन्यमापकात मोजता येतं. म्हणून भूकंपाची तारीख सांगता येत नसली तरी दरडीचा इशारा देणं शक्य आहे. कुठला उतार कच्चा आहे त्याचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केले आहेत. त्यावर पावसाचा अंदाज ठेवला की आज कुठे सावध राहायचं ते काढता येतं. दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीत असे अंदाज देणं सुरू झालं आहे. सह्याद्रीला त्याची गरज त्यांच्याहून तसूभरही कमी नाही, आणि इथे ते अजून प्रत्येक वाडीपर्यंत पोचलेलं नाही याचा मला राग येतो.

तोवर डोंगर स्वतः काही सांगतो. घरामागच्या उतारावर नवी भेग, अंगणाची फरशी फाकणं, खांब किंवा झाडं एकाच बाजूला कलणं, नितळ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणं, किंवा भर पावसात झरा एकाएकी आटणं. यातलं काही दिसलं आणि पाऊस थांबत नसेल तर त्या रात्री तिथे झोपायचं नाही. सामान नंतर नेता येतं.

मागच्या दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. छोट्या धक्क्यांनी जोर निघतो या तिच्या वाक्याचा मी पावणेदोन लाखांचा हिशेब मांडला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पटलं नाही असं सांगितलं. मग पाणी प्यायला उठलो तेव्हा तिच्या झोपायच्या खोलीत नजर गेली. पलंगाच्या वर भिंतभर लांब फळी आहे. तिच्यावर गोधड्या आहेत, उशा आहेत, एक वेताची टोपली. सासूबाईंच्या वेळचे पितळी हंडे खाली कोपऱ्यात, जमिनीवर, एकात एक घालून ठेवलेले.